काजू बी त्यांची, कारखाना कोणाचा?

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनने 1 एप्रिल 2024 पासून कच्च्या काजू बीच्या निर्यातीवर बंदी घातली. विकायचीच असेल तर बी फोडा, सोला, गर करा आणि मग विका, असा तिथल्या सरकारचा हुकूम. बेनिन नेमका कुठे आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना नकाशात शोधावे लागेल. वेंगुर्ले, सावंतवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या काजू कारखानदाराला मात्र शोधावे लागणार नाही. भारतातल्या कारखान्यांची भूक देशी पिकाने भागत नाही. बरीचशी बी बाहेरून येते आणि ती मुख्यतः आफ्रिकेतून येते: आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ, टांझानिया, मोझांबिक. आपला हंगाम फेब्रुवारी ते मे. टांझानिया-मोझांबिकची बी ऑक्टोबर ते जानेवारीत निघते. त्या बीमुळे इथला बॉयलर हंगाम सरल्यावरही पेटता राहतो आणि कटरवर बसणाऱ्या बायकांची मजुरी बुडत नाही.

त्याच पट्ट्यातल्या बागायतदाराला विचारा, तो वेगळेच सांगेल. परदेशी बी आली की आमच्या बीचा दर पडतो, आयातीवर शुल्क वाढवा, ही त्याची जुनी मागणी. म्हणजे बेनिनने दार लावले तर सिंधुदुर्गात एका घरात आनंद आणि शेजारच्या घरात चिंता. हे मुद्दाम आधी सांगतो आहे. आफ्रिकेतल्या देशांनी कच्चा माल विकावा की कारखाने उभारावेत, ही चर्चा आपल्याकडे होते तेव्हा आपण तटस्थ पंच असल्यासारखे बोलतो. आपण पंच नाही. या व्यवहारात आपण गिऱ्हाईक आहोत, आणि कारखाना सध्या आपल्याकडे आहे.

बेनिनची इच्छा मला रास्त वाटते. जगातल्या काजू बीपैकी निम्म्याहून अधिक आफ्रिकेत पिकते, आणि त्यातली फार थोडी तिथे फोडली जाते. बाकीची टरफलासकट पोत्यांत भरून जहाजाने भारत आणि व्हिएतनामला येते. एक किलो गरासाठी चार किलोच्या वर बी लागते. म्हणजे तीन किलोहून जास्त टरफल आपण समुद्र ओलांडून आणतो. कोणत्याही हिशेबी माणसाला हे विचित्र वाटेल. तरीही दशकानुदशके ते चालले आहे, आणि जे इतकी वर्षे चालते त्याला केवळ मूर्खपणा म्हणून सोडून देता येत नाही. तिथे कारखाना का टिकत नाही, हे समजून न घेता घातलेली बंदी फसते. कच्चा माल हातात असला की सौदा करण्याची ताकद येते, पण उद्योग आपोआप येत नाही. त्या ताकदीच्या बदल्यात कौशल्य, वीज, भांडवल आणि बाजार मागून घेतला तर काही उभे राहते. नुसते दार लावून घेतले तर त्याची किंमत सर्वांत आधी शेतकरी मोजतो.

प्रक्रियेच्या नफ्याबद्दल आधी एक भ्रम दूर करायला हवा. ‘बी दीडशेला विकतात, गर साडेसातशेला जातो, म्हणजे पाचपट किंमत बाहेरचे लोक खातात,’ असे आकडे भाषणांत छान दिसतात. समजा हेच दर आहेत. एक किलो गराला सव्वाचार किलो बी धरली तर नुसत्या बीचेच जवळपास 640 रुपये होतात. उरलेल्या 110 रुपयांत वाळवणे, उकडणे, फोडणे, भट्टी, सोलणी, प्रतवारी, डबे, बँकेचे व्याज, तुटीचा गर आणि मालकाचा नफा. काजूच्या धंद्यात पैसा आहे, पण तो रुपयामागे थोड्या पैशांचाच आहे. गर किती अखंड निघाला आणि किती तुकडा-पाकळी झाला, यावर कारखाना तरतो किंवा बुडतो. अखंड गर आणि तुकडा यांच्या दरात मोठा फरक असतो. त्यामुळे हात कसबी हवा, बी नीट वाळलेली हवी, वाफ बेताची हवी. हे सगळे पुस्तकात वाचून येत नाही.

मोझांबिकची गोष्ट या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितली जाते, पण बहुतेक वेळा अर्धीच. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणले आणि मोझांबिकमध्येही नेले. त्या अर्थाने आपली आणि त्यांची काजूची बाग सख्खी आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक 2 लाख टनांच्या वर बी पिकवत होता आणि जगात आघाडीवर होता. तिथे मोठे कारखानेही होते, गर परदेशी जात होता. 1975 मध्ये स्वातंत्र्य मिळाले. नव्या सरकारने कच्ची बी बाहेर पाठवायला मनाई केली. त्यानंतर 1992 पर्यंत चाललेले यादवी युद्ध. गावे ओस पडली, झाडे म्हातारी झाली, नवी लावली गेली नाहीत, पोर्तुगीज दुकानदार-व्यापारी निघून गेल्याने बी गोळा करणारी साखळीच तुटली. कारखाने सरकारी झाले आणि सरकारी कारखान्यांना जे होते ते झाले.

1990 च्या दशकात जागतिक बँक आली. तिचा युक्तिवाद ऐकून घेण्यासारखा होता, हे आज विसरले जाते. बंदी म्हणजे शेतकऱ्यावर कर, असे बँक म्हणत होती. शेतकऱ्याला एकच गिऱ्हाईक उरते, ते म्हणजे स्थानिक कारखाना, आणि तो पडेल भाव देतो. काही हजार कामगारांची नोकरी टिकवण्यासाठी सुमारे दहा लाख गरीब शेतकरी कुटुंबांचा खिसा कापला जातो. निर्यात मोकळी करा, भारतीय व्यापारी जास्त भाव देतील, पैसा खेड्यात जाईल. तत्त्व म्हणून यात काही चूक नाही. आपल्याकडे कांद्याची निर्यातबंदी झाली की लासलगावात हाच युक्तिवाद ऐकू येतो आणि तो बरोबरच असतो.

मग झाले काय? 1994-95 च्या सुमारास सरकारी कारखाने खासगी मालकांना विकले गेले. काही काळ संरक्षण मिळेल या समजुतीवर त्यांनी पैसे घातले. आणि लगेचच कर्जाच्या अटीत निर्यात खुली करण्याचे कलम आले. बंदीच्या जागी तोवर आलेला निर्यातकर 20 टक्क्यांवरून 14 वर आला, पुढे आणखी खाली आणायचे ठरले. बी जहाजावर चढून भारतात निघून गेली. एकामागून एक कारखाने बंद पडले. 2001 पर्यंत काजू कारखान्यांतल्या सुमारे दहा हजार कामगारांपैकी बहुतेक घरी बसले होते, आणि त्यांत मोठ्या संख्येने बायका होत्या. मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि केरन हॉर्न वेल्च या अर्थतज्ज्ञांनी या प्रकरणाचा हिशेब मांडला, तेव्हा शेतकरी कुटुंबाला या सुधारणेतून वर्षाकाठी सरासरी पाच डॉलरच्या आसपासच जास्त मिळाले असे निघाले. फायद्याचा मोठा वाटा मधल्या व्यापाऱ्यांकडे राहिला. खेड्यात चार व्यापारी असते तर भाव वाढला असता; एकच असेल तर निर्यात खुली असो वा बंद, भाव तोच सांगतो.

आता राहिलेली अर्धी गोष्ट. बंद पडलेले ते मोठे कारखाने मुळात चांगले नव्हते. त्यांत परदेशी बनावटीची अवजड यंत्रे होती, जी बी आपटून फोडत. गर तुटत असे, अखंड गराचे प्रमाण कमी, त्यामुळे मिळकत कमी. याच वेळी आपल्याकडे बायका पायाने चालवायच्या कटरवर एकेक बी फोडत होत्या, टरफलातले तेल कातडी जाळते म्हणून हाताला राख नाहीतर एरंडेल लावून, आणि अखंड गर काढत होत्या. म्हणजे ‘मागासलेले’ तंत्र ‘आधुनिक’ तंत्रावर मात करत होते. 2000 नंतर मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात लहान-मध्यम कारखाने पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांनी जुनी अवजड यंत्रे उचलली नाहीत. हातकटरचे, वाफेवर बी शिजवण्याचे, आपल्यासारखेच तंत्र घेतले. तेवढ्यात तिथल्या संसदेने कच्च्या बीवरचा निर्यातकर पुन्हा वाढवून 18 ते 22 टक्क्यांच्या पट्ट्यात नेला होता. बंदी नव्हे, कर. योग्य तंत्र आणि माफक कर या दोघांनी मिळून काही हजार नोकऱ्या परत आणल्या. एकट्या कराने आणल्या नसत्या, आणि एकट्या तंत्रानेही नाही.

शेजारच्या टांझानियात विनोद याच्याही पुढचा आहे. 1970 च्या दशकात तिथे जागतिक बँकेच्याच कर्जातून काजूचे मोठमोठे कारखाने बांधले गेले. त्याच वेळी न्येरेरे सरकारने लोकांना विखुरलेल्या वस्त्यांतून उचलून नव्या गावांत वसवले. माणसे झाडांपासून दूर गेली. बागांत कोणी फिरकेना. 1973-74 मध्ये सुमारे 1 लाख 45 हजार टन असलेले पीक 1980 च्या दशकाच्या मध्यानंतर 20 हजार टनांच्याही खाली गेले. कारखाने तयार झाले तेव्हा फोडायला बीच नव्हती. पुढे हे कारखाने विकले गेले आणि घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांची गोदामे केली, कच्ची बी जहाजावर चढेपर्यंत ठेवायला. 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी व्यापाऱ्यांनी भाव पाडला म्हणून संतापून सगळे पीक सरकारने 3,300 शिलिंग किलोने घ्यायचे ठरवले आणि बी उचलायला लष्कराचे ट्रक पाठवले. भाव चांगला होता. पण एवढी बी फोडायची सोय देशात नव्हती, आणि विकायची तर गिऱ्हाईक दुखावलेले. माल गोदामात पडून राहिला, अनेक शेतकऱ्यांचे पैसे रखडले. रागाच्या भरात औद्योगिक धोरण आखता येत नाही, हे सांगायला खरे तर एवढ्या ट्रकांची गरज नव्हती.

काजू हे पीक आहे, खनिज नाही. मग नैसर्गिक संपत्तीच्या चर्चेत त्यावर एवढा भर का, असे कोणी विचारेल. खनिजाच्या बाबतीत गोष्ट वेगळी घडते का ते पाहण्यासाठी घानाकडे जाऊ.

घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे स्वप्न मोठे होते. घानाकडे बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे कच्चे खनिज आहे, व्होल्टा नदी आहे. नदीवर धरण बांधायचे, विजेवर अ‍ॅल्युमिनियम वितळवायचे, आपल्याच बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना ही शुद्ध केलेली भुकटी आणि त्यापासून धातू; आणि त्या धातूभोवती भांडी, तारा, पत्रे यांचे कारखाने. धरणासाठी कर्ज हवे होते. कर्ज देणाऱ्यांना विजेचे खात्रीचे गिऱ्हाईक हवे होते. ते गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेची कैसर कंपनी, जिने रेनॉल्ड्सला भागीदार घेऊन व्हॅल्को नावाचा स्मेल्टर, म्हणजे धातू वितळवण्याचा कारखाना, उभारला. कंपनीने अट घातली: वीज एका युनिटला अडीच मिलच्या जरा वर, म्हणजे सेंटच्या चौथ्या भागाएवढ्या दराने, आणि तीस वर्षांसाठी. घानाने मान्य केले. अकोसोम्बो धरण 1965 मध्ये पुरे झाले, सुमारे 80 हजार माणसे उठवली गेली, जगातल्या सर्वांत विस्तीर्ण मानवनिर्मित जलाशयांपैकी एक तयार झाला. फेब्रुवारी 1966 मध्ये एन्क्रुमांची सत्ता उलथली. 1967 मध्ये स्मेल्टर सुरू झाला, आणि त्यात वितळवला जाणारा अ‍ॅल्युमिना परदेशातून आणलेला होता. घानाचे बॉक्साइट आवासोच्या खाणीतून कच्चेच बाहेर जात राहिले. अ‍ॅल्युमिना शुद्धीकरणाचा मधला कारखाना, म्हणजे साखळीतला नेमका तो दुवा ज्यासाठी हा सारा खटाटोप होता, उभारलाच गेला नाही. कंपनीला हवी होती ती वीज. बॉक्साइट तिच्याकडे दुसरीकडे भरपूर होते.

इथे बंदी नव्हती, कारखाना होता, परदेशी भांडवल होते, आणि तरीही उद्योगाची साखळी जुळली नाही. सौद्याची ताकद वीज देताना वापरली गेली नाही. 1980 च्या दशकात रॉलिंग्ज सरकारने करार पुन्हा बसून केला आणि दर वाढवून घेतला, तोवर दोन दशके गेली होती. नंतर दुष्काळात पाणी उतरले की स्मेल्टर अर्धा किंवा पुरता बंद, हेही पाहायला मिळाले. वीज हा खनिज उद्योगाचा कणा आहे हे आजही खरे आहे. 2024 च्या दुष्काळात करीबा धरणाचे पाणी आटले तेव्हा झांबियात तासन्‌तास वीज नव्हती, आणि तिथेच तांबे वितळवून पुढे बॅटरीचे कारखाने आणण्याच्या गोष्टी चालल्या होत्या.

सौदा नीट केला कोणी, तर बोट्सवानाने. 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत त्याची गणना होती. वर्षभरात ओरापाला हिरे सापडले. 1980 च्या दशकात ज्वानेंगची खाण सुरू झाली, मूल्याच्या हिशेबाने जगातली सर्वांत श्रीमंत. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबर निम्म्या-निम्म्या मालकीची डेब्स्वाना कंपनी झाली. विशेष म्हणजे दर करार संपताना सरकारने एकेक पाऊल पुढचे मागितले. आधी पैशाचा वाटा, मग कच्च्या हिऱ्यांतल्या काही भागाला राजधानी गॅबरोनमध्येच पैलू पाडण्याची अट, मग 2013 मध्ये डी बिअर्सची कच्च्या हिऱ्यांची विक्रीच लंडनहून गॅबरोनला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समधले व्यापारी त्यानंतर लंडनऐवजी बोट्सवानाचे विमान धरू लागले. हे बंदी न घालता झाले. समोरच्याला खाण हवी होती, आणि खाणीचा परवाना देणाऱ्याने घाई केली नाही.

तरीही बोट्सवानात हिऱ्याचा उद्योग म्हणावा तसा पसरला नाही. पैलू पाडण्याचे काम सुरतेत जितक्या स्वस्तात आणि जितक्या सफाईने होते तितके गॅबरोनमध्ये होत नाही. संख्येने जगातल्या दहांपैकी नऊ हिऱ्यांना पैलू भारतातच पडतात. त्यात आता प्रयोगशाळेत बनवलेले हिरे आले, त्यांतलेही पुष्कळसे भारतातच बनतात. 2023 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडन यांना भेट दिला तो साडेसात कॅरेटचा हिरा असाच होता. नैसर्गिक हिऱ्यांचा बाजार घसरला आणि निर्यातीत चार-पंचमांश हिरेच असलेल्या बोट्सवानाची तिजोरी आटली. 2024 मध्ये 58 वर्षे सत्तेत असलेला पक्ष हरला, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये औषधांच्या टंचाईमुळे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. या देशाने शाळा, रस्ते, दवाखाने हिऱ्याच्या पैशातून उभे केले, लूट होऊ दिली नाही. त्याला अपयशी म्हणणाऱ्या माणसाने नायजेरियाच्या तेलाच्या पैशाचा इतिहास वाचलेला नसावा. पण एका दगडाच्या पुढची पायरी त्याच दगडात शोधायची, हा आग्रह महागात पडला. पैलूच्या कारखान्यापेक्षा त्या पैशातून जे दुसरे काही उभे राहायला हवे होते ते राहिले नाही.

आता परत बेनिनकडे. तिथे बंदी एकटी आली नाही, हे त्या सरकारच्या बाजूने सांगायला हवे. कोतोनू या तिथल्या मोठ्या शहरापासून 45 किलोमीटरवर ग्लो-जिग्बे इथे 2020 पासून औद्योगिक क्षेत्र उभारले जात आहे. आराइज ही कंपनी आणि बेनिन सरकार यांची ही भागीदारी; कंपनीचे संस्थापक गगन गुप्ता भारतीय वंशाचे. याच मंडळींनी आधी गॅबॉनमध्ये हा प्रयोग केला होता. गॅबॉनने 2010 मध्ये लाकडाचे ओंडके बाहेर पाठवणे बंद केले आणि लिब्रेव्हिलजवळ न्कोक इथे रस्ते, वीज, परवाने एका जागी देणारे क्षेत्र उभारले. सुरुवातीची वर्षे महसूल बुडाला, पण नंतर प्लायवूडच्या पापुद्र्यांचा धंदा खरोखर उभा राहिला. म्हणून बंदी कधीच चालत नाही असे म्हणता येणार नाही. पण लाकडात आणि काजूत फरक आहे. जंगलाचा ठेका मोजक्या कंपन्यांकडे असतो आणि ओंडका वर्षभर मिळतो. काजू लाखो लहान शेतकऱ्यांच्या अंगणात पिकतो, तीन महिन्यांत हाती येतो, आणि पोते डोक्यावर घेऊन टोगोची किंवा नायजेरियाची सीमा ओलांडणे कठीण नाही. सरकारने भाव पाडला की बी रात्रीतून शेजारी जाते.

काजू कारखान्याची खरी अडचण या तीन महिन्यांतच आहे. वर्षभर फोडायची बी हंगामात एकदम विकत घेऊन ठेवावी लागते. सगळे भांडवल मार्च ते मे या काळात पोत्यांत अडकते. त्यावर पश्चिम आफ्रिकेतला मालक जे व्याज भरतो ते व्हिएतनामच्या मालकाला परवडणाऱ्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त. व्हिएतनामकडे स्वतःची बी पुरेशी नाही, तरी 2006 पासून गराच्या निर्यातीत त्याने भारताला मागे टाकले. स्वस्त पतपुरवठा, स्वतः बनवलेली फोडणीची यंत्रे, आणि कंबोडियापासून घानापर्यंत मिळेल तिथून बी उचलण्याची मोकळीक, यावर तो देश पुढे गेला. कच्चा माल दाराशी असणे हा फायदा आहे, पण दुय्यम. उलट एकाच देशाच्या पिकावर बांधलेला कारखाना त्या देशात पाऊस चुकला की उपाशी राहतो. पश्चिम आफ्रिकेतला कारखाना पूर्व आफ्रिकेची बी घेऊ शकला, तर तोही वर्षभर चालेल. पण प्रत्येकाने स्वतंत्र बंदी घातली की आफ्रिकेतले देश एकमेकांनाच कच्चा माल विकायचे बंद होतात. खंडव्यापी मुक्त व्यापार करार 2021 पासून कागदावर सुरू आहे, आणि हा कागद काजूच्या पोत्यापर्यंत पोचायला हवा.

मला आयव्हरी कोस्टची वाट जास्त पटते. जगातला सर्वांत मोठा उत्पादक, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास बी. तिथे कारखान्याला निर्यात केलेल्या गरावर किलोमागे 400 सीएफए फ्रँक अनुदान दिले जाते, कच्च्या बीवर निर्यातकर आहे, पिकाचा काही भाग हंगामाच्या सुरुवातीला स्थानिक कारखान्यांसाठी राखला जातो, आणि शेतकऱ्याचा किमान भाव सरकार जाहीर करते: 2024 मध्ये किलोला 275 फ्रँक, 2025 मध्ये 425. दशकापूर्वी तिथे पिकाचा नगण्य भाग फोडला जात होता, आता त्याहून बराच मोठा भाग फोडला जातो. गती मंद आहे, खर्च तिजोरीवर पडतो. पण खर्च दिसतो, मोजता येतो, आणि नको झाला तर कमी करता येतो. बंदीचा खर्च शेतकऱ्याच्या घरात पडतो आणि अर्थसंकल्पाच्या कुठल्याच पानावर येत नाही. म्हणूनच राज्यकर्त्यांना बंदी इतकी आवडते.

या सगळ्यात भारत कुठे आहे? आपण कच्च्या बीवरचे आयातशुल्क 2018 च्या अर्थसंकल्पात 5 टक्क्यांवरून अडीचवर आणले. आणि फोडलेल्या गरावरचे शुल्क 2019 मध्ये 45 वरून 70 टक्क्यांवर नेले. याचा अर्थ एका वाक्यात असा: बी पाठवा, स्वागत आहे, गर पाठवू नका. श्रीमंत देश आपल्याशी असेच वागतात म्हणून आपण जागतिक व्यापार संघटनेत वर्षानुवर्षे तक्रार करत आलो. अतिअविकसित देशांसाठी भारताने 2008 मध्ये शुल्कसवलतीची योजना आणली हे खरे, पण आयव्हरी कोस्ट, घाना आणि नायजेरिया त्या यादीत बसत नाहीत. नवी दिल्लीतल्या भारत-आफ्रिका परिषदांत भागीदारीची भाषणे होतात, त्यांत या 70 टक्क्यांचा उल्लेख मी तरी ऐकलेला नाही.

हे शुल्क उतरवावे असे मला वाटते, पण त्याची किंमत कोण देणार हेही सांगायला हवे. आफ्रिकेतला गर मोकळेपणाने आला तर कोल्हापूर-सिंधुदुर्गातल्या लहान कारखान्यांना फोडणीचे काम कमी होईल, आणि तिथल्या बायकांना सर्वांत आधी. त्यामुळे शुल्क एका वर्षात नव्हे, पाच-सात वर्षांत टप्प्याटप्प्याने, आधीच तारखा जाहीर करून उतरवावे; मोझांबिकच्या कारखानदारांना जी आगाऊ सूचना मिळाली नाही ती इथल्यांना मिळावी. इतक्या वर्षांत मोठ्या कारखान्यांना भाजणी, मसाला आणि पॅकिंगकडे वळता येईल. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा भाव मिळवायचा तर आफ्रिकेतली बी त्यात मिसळणे आज ना उद्या थांबवावेच लागेल, आणि बागायतदाराला तेच हवे आहे. मागच्या पडवीत चार कटर टाकून धंदा करणाऱ्या घरगुती युनिटला मात्र भाजणीचे यंत्र आणि पॅकिंगची लाइन परवडणार नाही. त्यांच्यासाठी राज्य सरकारला वेगळे पैसे काढून ठेवावे लागतील, आणि ते शुल्क उतरायला लागण्याच्या आधी.